शेरा

वणीहून आलेली पेटी इलाही मुलाणी
झोपलेलं लेकरू आणावं तशी वर आणतो.
अठरा पायऱ्या, एक हिसका नाही.
आत मेणात गुंडाळलेल्या मातीच्या कांड्या,
प्रत्येकीवर तेलकट पेन्सिलीने खोली लिहिलेली.
वर पाण्याने फुगलेली वाळू, खाली कोळसा,
मध्ये ही.
सांगलीत कोळसा नाही.
त्याच्या डोक्यावरची माती तेवढी येते,
हळद पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून, रिकाम्या भाड्यात.

मेण सोलते. निळसर, करडी,
जुन्या साबणाच्या वडीसारखी नखाला गार.
पितळी वाटीत थापून मधोमध खाच पाडते,
मूठ फिरवते. टक. टक.
पंचविसाव्या टोल्याला खाच मिटते तेवढं पाणी
ही पिऊ शकते आणि तरी माती म्हणवते.
मग काचेवर तळहाताखाली वळत जाते,
तीन मिलिमीटरला तुटेपर्यंत.
आई म्हणायची, शेवयांना तुझा हात बरा आहे.

कांडी रबरी पिशवीत, पिशवी पाण्याच्या नळकांड्यात.
चहूबाजूंनी दाब, मग वरून भार.
काटा चढतो, घुटमळतो, उतरतो.
दहा कांड्या अशाच. शहाण्या.
अकरावीचा काटा चढलाच नाही धड.
काढली तर तिरकी चीर, आणि चिरेच्या आत
घासलेल्या परातीची चकाकी.
म्हणजे ही आधीच घसरली होती केव्हातरी,
माणूस नव्हता तेव्हा,
आणि गुपचूप मिटून बसली होती.
एकदा घसरलेल्या मातीला
दुसऱ्यांदा निमित्त पुरतं.

हरिपुरात माझा बाप पेवात उतरायचा.
आधी दोरीने कंदील सोडायचा, वाकून बघायचा.
जळतोय म्हटल्यावर कमरेला दोर,
आणि वीस हात खाली, हळदीच्या काळोखात.
पुराच्या साली पेव उघडलं
तेव्हा झाकणाची फरशी जशीच्या तशी,
लिंपणात सुई शिरत नव्हती.
पाणी खालून आलं होतं.
पिवळा राडा आठ दिवस बादल्यांनी उपसला,
वास वर्षभर कपड्यांतून गेला नाही.
तातोबा, सगळे विचारत, तुला कसं कळलं नाही?
तो कंदिलाची काच पुसत म्हणाला,
'दिव्याला हवा कळती. पानी न्हाई कळत.'

सरांनी अकरा आकडे बेरजेत घातले, अकराने भागले.
बरा आला आकडा. खाणीला आवडेल असा.
मी म्हटलं, सर, पाणी सरासरीतून येत नाही.
ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
तुम्ही मोजता. अर्थ आम्ही लावतो.
खरं आहे ते. माझ्या पगाराच्या कागदावर तेच पद आहे.

दुपारी खाणीतून शेडमाकेंचा फोन.
आवाजामागे पंप चालू होता,
शब्द त्यात बुडत, वर येत.
ते एवढंच विचारत होते,
'बाई, डोक्यावर किती मीटर ठेवू?
साहेब सहा म्हणतात.'
मी किती सांगणार?
मी म्हटलं, अकरा नंबरची कांडी
ज्या भोकातून काढली, ते भोक कुठे आहे?
पंप ऐकू येत राहिला.
मग ते म्हणाले, 'तिथेच तर पोरं आहेत.
दुसरी पाळी.'
मी म्हटलं, वर घ्या त्यांना.
माझं कोण ऐकणार, तुमचं ऐकतील.
फोन ठेवला गेला की तुटला, कळलं नाही.

तक्त्यात शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेरा.
बारा वर्षं मी तिथे आडवी रेघ मारत आले.
आज लिहिलं, आत चकाकी आहे.
रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिलं,
सरांच्या सहीच्या जागेपर्यंत गेलं.

इलाही ओरडतोय, बेसिन पुन्हा तुंबलं.
त्या मातीनेच. एक थेंब खाली जाऊ देत नाही,
बघा, किती भक्कम.
मी बाही वर सारते, कोपरापर्यंत हात घालते,
आणि बोटांनी शोधते
ती कुठे सैल आहे.